भोंग्याची बोटं

“तू बोलू नकोस आई, तू टाइप कर,” लेक म्हणाली. त्या संध्याकाळी हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती.

मी टाइपच करत होते. म्हणजे काय टाइप करायचं ते सांगत होते. माझ्या लेखी ही दोन्ही कामं एकच, पण तिला त्यात फरक दिसत होता.

“मी खुर्चीवरून उठले ते तू बसावीस म्हणून,” ती म्हणाली. “तू खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिलीस. आता खुर्चीत कुणीच नाही आणि तू तिला सूचना देतेयस.”

“ऐकत नाहीये का खुर्ची?” ह्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

मी खाली पाहिलं. खुर्ची खरंच रिकामी होती. जेवणाच्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर कोरं पान होतं, आणि मी त्या कोऱ्या पानाला गेली काही मिनिटं मोठ्या प्रेमानं सांगत होते की आता एक ओळ सोड, आता ठळक कर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई वाटाणे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “तिला कशाला बोलतेस गं? या घरात आली तेव्हापासून तिचं तोंडच आधी चालतं.” हे त्या माझी बाजू घेऊन म्हणाल्या होत्या.

लेक म्हणाली की तिला स्वतःचा अभ्यास आहे, लॅपटॉप तिचा आहे, आणि शिकणाऱ्यानं निदान बसायला तरी हवं. मी म्हणाले की एवढा रुबाब असेल तर नको शिकवूस. हे म्हणाले की दोघी जरा हळू भांडा. मग मी बसले, एक अक्षर दाबलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडे बघत राहिले.

“आता काय झालं?”

“येऊ दे की.”

“काय येऊ दे? आलंय ते. कधीचं आलंय.”

वाद इतका पेटायचं कारण साधं होतं. मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये रिपोर्टच्या टेबलावर असते. आत तपासणी होते, आतून आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात, ते आकडे संगणकात भरायचे, खाली डॉक्टरांचा शेरा घालायचा, छापून सहीला पाठवायचं. इतकी वर्षं हे काम आम्ही दोघीजणी करत आलो. आता महिना संपायच्या आत मला ते एकटीनं करता यायला हवं होतं. नाही आलं तर माझी रवानगी बाटल्यांच्या खिडकीवर होणार होती.

बाटल्यांच्या खिडकीवरचं काम असं की येईल त्याला झाकणाची छोटी बाटली द्यायची, कुठे जायचं ते हातानं दाखवायचं, आणि तो परत आला की ती कोमट बाटली घेऊन तिच्यावर नाव चिकटवायचं. पगार तोच, वेळ तीच, काहीच कमी होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण लॅबमध्ये मला ‘रिपोर्टवाल्या बाई’ म्हणतात. खिडकीवर बसले की काय म्हणतील, त्याचा विचारही मला करवत नव्हता.

आता घरच्यांना, विशेषतः लेकीला, प्रश्न पडला होता की जिच्याकडे संगणकाचं प्रशस्तिपत्र आहे, तेही विशेष प्रावीण्याचं, तिला एक ओळ टाइप कशी करता येत नाही. प्रश्न रास्त होता.

आमच्या कॉलेजनं संगणकाचा वर्ग काढला तेव्हा त्याला खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. व्हॉलीबॉलची जाळी तशीच खुंटीला लटकत होती आणि रबरी चेंडूंचा वास जात नव्हता. यंत्रं एका कचेरीनं टाकून दिलेली. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मागचा डबा एवढा मोठा की तो भिंतीला लागू नये म्हणून टेबलं खोलीच्या मध्यावर ओढलेली. चालू यंत्रांपेक्षा बंद यंत्रं जास्त होती. बंद पडलेली फेकायची नाहीत, त्यांचे भाग काढून चालू असलेल्यांना लावायचे, असा सरांचा शिरस्ता. त्यामुळे एखाद्या सकाळी आमच्या यंत्राला परक्याचा स्पेसबार लागलेला असायचा आणि तो बाकीच्या दातांत सोन्याच्या दातासारखा वेगळा दिसायचा.

सरांना आम्ही झाकणसर म्हणायचो. त्यांच्या बायकोनं घरातले जुने पडदे फाडून प्रत्येक यंत्राला एक झाकण शिवलं होतं, गुलाबी फुलांचं. वर्गाचा पहिला भाग झाकणं काढून त्यांची चौकोनी घडी घालण्यात जाई आणि शेवटचा भाग ती परत चढवण्यात. घडी नीट नसेल तर सर यंत्र सुरू करू देत नसत. संगणकाविषयी मी स्वतःच्या हातानं काय शिकले असं कुणी विचारलंच, तर ती घडी मला आजही घालता येते.

एका यंत्रावर आम्ही तिघी. बसायला खुर्च्या नव्हत्या, बाक होता. मधली टाइपिस्टची मुलगी होती, तिचे वडील कोर्टाच्या दारात टाइपरायटर घेऊन बसायचे आणि ती बोलायला लागायच्या आधी कळा ठोकायला शिकली असावी. तिला सर ठोके म्हणत. उजवीकडची जाड चष्म्याची, तिला भिंग. ती पडद्यावर काय उमटलं ते वाचून सांगायची, कारण हिरवी अक्षरं इतकी फिकी होती की दुरून दिसतच नसत, आणि तिला नाहीतरी नाक लावूनच वाचायची सवय होती. डावीकडे मी. माझ्या हातात पुस्तक. पुढची आज्ञा काय ती मी मोठ्यानं वाचायची. खोलीत पंखा, सात-आठ कीबोर्ड आणि बाहेरचं मैदान या सगळ्यांच्या वर माझा आवाज जात असे, म्हणून मी भोंगा.

आळीपाळीनं बसायचं असं सर म्हणाले होते. पण जागा बदलायची तर तिघींनी उठायचं, आणि एक उठली की बाक दुसऱ्या बाजूला कलायचा, यंत्राला धक्का लागायचा, सर ओरडायचे. शिवाय मी कधी मध्ये बसलेच आणि बोट एखाद्या कळेवर नेलं, तर ठोके माझा हात हलकेच बाजूला करून म्हणायची, “थांब, मी दाखवते.” अतिशय भली मुलगी. ती दाखवायची, मी बघायचे. पुढच्या खेपेला मी करणार होते. ती पुढची खेप यायच्या आत वर्ष संपलं.

आणि यंत्र तरी काय होतं. शब्द ठोकला की तो पडद्यावर लगेच येत नसे. आतल्या आत कुठेतरी विचार चालायचा, मग एकेक अक्षर रमतगमत बाहेर यायचं. तेवढ्यात कुणी आणखी कळ दाबली तर यंत्र रुसायचं, कर्कश शिट्टी द्यायचं आणि मग काही केल्या हलायचं नाही. म्हणून झाकणसरांनी नियमच केला होता. आधी बोला, मग ठोका, मग हात मांडीवर, मग वाट बघा. आख्खा वर्ग एकाच वेळी हात मांडीवर घेऊन बसलेला असायचा. दारावरून जाणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या बाई एकदा आत डोकावून म्हणाल्या, “काय झालं, कोण गेलं?”

प्रात्यक्षिक परीक्षाही तिघींची एकाच यंत्रावर झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी आमच्या बाकासमोर उभं राहून प्रश्न विचारले, मी पुस्तकातली उत्तरं पाठ असल्यानं खणखणीत म्हणून दाखवली, ठोकेनं तेवढ्यात करून दाखवलं, भिंगनं वाचून दाखवलं. परीक्षक खूष झाले. तिघींना मिळून एकच गुण द्यायचे होते आणि ते भरघोस दिले. ज्या विषयात मी फक्त घसा वापरला होता त्यात माझं प्रावीण्य विशेष ठरलं. आईनं ते प्रशस्तिपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. माझी स्वतःची तर खात्रीच होती की मला संगणक येतो. पोहणाऱ्यांना काठावरून शिट्टी मारणाऱ्यालाही आपण पाण्यात आहोत असं वाटत असेल, तसंच हे.

पुढे ठोके एका गावाला गेली, भिंग दुसऱ्या, आणि मी लॅबमध्ये लागले. तेव्हाचे डॉक्टर म्हणजे आताच्या डॉक्टरांचे वडील. त्यांचं अक्षर म्हणजे शाईच्या दौतीत पडलेली मुंगी कागदावर चालत गेल्यासारखं. रिपोर्टच्या टेबलावर आधीपासून एक ताई होत्या, त्यांना टायपिंग उत्तम यायचं पण ते अक्षर लागायचं नाही. मला अक्षर लागायचं. मी पहिल्याच दिवशी त्यांच्या डावीकडे खुर्ची ओढून बसले, चिठ्ठी उचलली आणि वाचायला लागले. ताई टाइप करायला लागल्या. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आतल्या बंद खोलीत आमचं हे भजनीमंडळ वर्षानुवर्षं चाललं. संगणक तीनदा बदलले, डॉक्टर बदलले, मी डावीकडे ती डावीकडेच. लोक म्हणायचे, या दोघी कॉम्प्युटरवर असतात. खोटं नव्हतं ते. दोघी मिळून असायचो.

मग ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला मी चांगलं भाषण केलं. बोलण्यात मला कुणी हरवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी डावीकडच्या खुर्चीत बसले, चिठ्ठी घेतली, नाव वाचलं, वय वाचलं, हिमोग्लोबिन वाचलं. पडद्यावर काहीच आलं नाही. चांगल्या तीन चिठ्ठ्या वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की लिहायला कुणी नाहीच.

मी उजवीकडच्या खुर्चीत सरकले. एक आकडा दाबला, हात मांडीवर घेतले. दुसरा दाबला, परत हात मांडीवर. तेवढ्यात धाकटे डॉक्टर आत आले. मला तशी बसलेली बघून त्यांनी आधी बरं वाटत नाही का म्हणून विचारलं, मग दुपारपर्यंत माझ्या मागे दोनदा येऊन उभे राहिले, आणि संध्याकाळी केबिनमध्ये बोलावून बाटल्यांच्या खिडकीचं सांगितलं. वर हेही सांगितलं की आतली खोली आता नव्या यंत्राला लागणार आहे, रिपोर्टचं टेबल पुढे काचेजवळ येईल. माणूस वाईट नाही. महिन्याची मुदत त्यांनी आपणहून दिली.

तर त्या संध्याकाळपासून आमच्या घरी माझं शिक्षण सुरू झालं होतं, आणि शिक्षक तीन होते.

लेकीची पद्धत अशी की मी चुकले की ती नाकातून श्वास सोडायची आणि म्हणायची, “थांब, मी दाखवते.” ह्यांची पद्धत अशी की ते आधी संगणक म्हणजे काय ते समजावून सांगायचे, मग “थांब, मी दाखवतो” म्हणून लॅपटॉप स्वतःकडे वळवायचे आणि त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघायचे. सासूबाईंनी कीबोर्डला कधी हात लावला नव्हता, पण त्यांच्याकडे फोन होता आणि त्यावर त्या बोटानं पडदा सरकवत तासन्‌तास व्हिडिओ बघायच्या. त्या म्हणायच्या, “इतकं काय घाबरायचं? असं सरकवायचं.” आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बोट घासून दाखवायच्या. पडदा काही सरकायचा नाही, वाटाण्याच्या सालीचा हिरवा डाग मात्र उमटायचा.

चौथ्या कुणाची कमतरता होती असं नाही, पण लेकीनं तीही भरून काढली. ती म्हणाली, हल्ली टाइप करायलाच लागत नाही, संगणकाला बोलून सांगितलं की तो लिहितो. माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर ज्या गुणावर निभावलं तो गुण यंत्राला कळायला लागला, यापेक्षा आणखी काय हवं? करून बघितलं. मी बोलत गेले, तो लिहीत गेला, आणि हात मांडीवर. इतकं सुख मला त्या महिन्यात कशानंच झालं नव्हतं. ते तेवढ्या संध्याकाळपुरतंच टिकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, लॅबच्या संगणकात ती सोय नाही, आणि असती तरी काचेजवळ बसून पेशंटचे आकडे मोठ्यानं बोलायचे असतात का?

नसतात, हे मलाही कळत होतं. आतल्या खोलीत दार बंद असायचं.

मग एका दुपारी माझी सुट्टी होती. लेक कॉलेजात, हे कामावर, सासूबाई जेवून आडव्या झालेल्या. घरात कुणी शिकवायला नाही अशी ती पहिलीच वेळ. मी लॅपटॉप उघडला, जुनी एक चिठ्ठी पुढे ठेवली, आणि का कोण जाणे, ठोकेशी बोलायचे तशी स्वतःशीच बोलले. “हं, लिही गं. नाव. पुढे वय.” आणि बोटं चालली. हळू, अडखळत, पण चालली. बोटांना कुणाचीतरी आज्ञा लागत होती आणि ती माझ्याच तोंडातून मिळाली तरी त्यांची हरकत नव्हती. मी एक आख्खा रिपोर्ट केला. चुकले तिथे स्वतःला रागावले, बरोबर आलं तिथे “शाब्बास” म्हणाले. आतून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय? मी म्हणाले, कुणी नाही, मीच आहे.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं मला आलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला काचेजवळच्या नव्या टेबलावर बसवून पाहिलं. काचेपलीकडे बाक, बाकावर रिपोर्टची वाट बघणारी माणसं. मी चिठ्ठी घेतली आणि सुरू केलं. आवाज बारीक ठेवायचा असं पक्कं ठरवलं होतं, आणि तो ठेवलाही, पण माझा बारीक आवाज म्हणजे इतरांचा मोठा. बोटं छान चालत होती म्हणून मला हुरूप आला. “साखर, उपाशीपोटी. लिही, गं. बापरे, केवढी ही. जेवणानंतरची बघू. अगंबाई. नीट लिही, शून्य खाऊ नकोस.”

मान वर केली तेव्हा काचेपलीकडे एक गृहस्थ उभे राहिले होते. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, चेहरा पांढरा पडलेला.

“ती माझी का हो, बाई?” त्यांनी विचारलं.

ती त्यांची नव्हती, सुरुवातीला वाचलेलं नाव त्यांनी ऐकलं नसावं. ज्यांची होती त्या बाई त्यांच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी तोवर पर्समधला रुमाल काढला होता. शेजारच्या दोघीतिघी त्यांना धीर देत होत्या, एकजण तर कुठला डॉक्टर चांगला तेही सांगायला लागली होती. आख्ख्या बाकाला त्या बाईंची साखर कळली होती, सही व्हायच्या आधी.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. ते म्हणाले, “तुम्हाला येतंय, हे मी बघितलं. पण मुकाट्यानं यायला हवं. महिनाअखेर बघू, नाहीतर खिडकी.” मी त्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, तुमचा आवाज मात्र स्पष्ट आहे.

घरी आल्यावर मी सगळं सांगून टाकलं, कारण पोटात काही ठेवणं मला जमत नाही, हाच तर माझा रोग. हे हसले, मग माझं तोंड बघून थांबले आणि म्हणाले, एवढं काय, खिडकीवर बसलीस तरी पगार येणारच आहे. सासूबाई म्हणाल्या, बसून करायचं काम आहे, त्यात वाईट काय, त्यांच्या वेळी बायकांना बसायला मिळत नव्हतं. लेक उठून आपल्या खोलीत गेली. हे मला सर्वांत जास्त लागलं, कारण तिला वाईट वाटलं की ती खोलीत जाऊन बसते.

म्हणजे आता मला बोटं शिकवायची नव्हती, तोंड बंद करायला शिकवायचं होतं. मी ओठ दाबून पाहिले. चार शब्दांनंतर ते आपोआप हलायला लागायचे. दातात पेन्सिल धरून पाहिली, पेन्सिल धरूनही मला बोलता येतं असा शोध लागला. शेवटी मी तोंडात पाणी भरलं. एक मोठा घोट घ्यायचा, गाल फुगवायचे, आणि तो न गिळता एक रिपोर्ट करायचा. दिसायला मी अगदी गालगुंड झाल्यासारखी दिसत असणार, पण उपाय लागू पडला. बोटं आधी बावरली, आज्ञेची वाट बघत कीबोर्डवर नुसती उभी राहिली. मग एक सरकलं. मग दुसरं. घशातून आवाज नाही, आणि पडद्यावर नाव उमटलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते कुणाला सांगावंसं वाटलं आणि सांगता येईना, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

अडचण एवढीच होती की हे मी घरी करत होते. आणि घरी, मला त्या आठवड्यात कळलं, माझ्याशी दर दोन मिनिटांनी कुणीतरी बोलतं. लॅबमध्ये मी तोंड होते आणि बोटं ताईंची, इथे अगदी उलट. इथे तोंडं सगळ्यांची आणि बोटं माझी. अगं, माझा चष्मा कुठाय. आई, गीझर बंद केलास का. ऐकलंस का, दूध वर आलंय. दूध वर आलेलं ज्याला दिसलं त्याला गॅसही दिसत असणार, पण सांगून झालं की त्याचं काम संपायचं. आणि मी दर वेळी तोंडातलं पाणी गिळून उत्तर द्यायचे, उठायचे, परत येऊन नवा घोट घ्यायचे. एका रिपोर्टला तांब्याभर पाणी जायचं आणि मग त्या पाण्यासाठी वेगळं उठावं लागायचं.

महिन्याचा शेवट जवळ आला होता. त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले होते, गाल फुगलेले, रिपोर्ट अर्ध्याच्या पुढे गेलेला, हात एकदाही मांडीवर नाहीत. तो पूर्ण झाला असता तर एकही शब्द न बोलता केलेला माझा पहिला रिपोर्ट ठरला असता. बाथरूममधून हे ओरडले, टॉवेल. मी मान हलवली, जणू त्यांना दारातून दिसणार होतं. लेकीनं खोलीतून विचारलं, तिचा निळा कुर्ता कुठे आहे. मी टाइप करत राहिले. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी आधी नुसती हाक मारली, मग जरा मोठी, मग त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. “अगं, बोल की. बोलत का नाहीस? हिला काहीतरी झालंय,” म्हणत त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की तोंडातलं सगळं पाणी लॅपटॉपवर गेलं.

पडदा एकदा चमकला आणि काळा झाला.

मग जे भांडण झालं ते पहिल्या संध्याकाळच्या भांडणाची आई शोभेल असं. लेक धावत आली, लॅपटॉप उलटा करून झटकायला लागली, तिचा आख्खा प्रकल्प त्यात होता. ती रडत होती आणि रडताना म्हणाली, “तुला जमत नाहीये ना आई, मग कशाला?” हे टॉवेलशिवाय दारात येऊन पुन्हा आत गेले आणि आतूनच म्हणाले की तांदळाच्या डब्यात ठेवा, तांदूळ पाणी शोषतो. सासूबाई म्हणत होत्या, तिच्या तोंडात पाणी आहे हे मला कसं कळणार, माणूस तोंडात पाणी घेऊन बसतं का कधी. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कुणाचंच चूक नव्हतं. सगळे एकदम बोलत होते आणि माझ्याकडे बघून बोलत होते, आणि मी फडक्यानं टेबल पुसत होते.

लॅपटॉप दुसऱ्या दिवशी सुरू झाला. लेकीचं सगळं जागच्या जागी होतं. तिनं मला ते सांगितलं, आणि खालच्या आवाजात “सॉरी” म्हणाली, आणि मग म्हणाली की हवं तर आजपासून ती रोज शेजारी बसेल. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि नको म्हणाले.

त्या दिवशी लॅबमध्ये मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि शक्य तितकं थोडक्यात बोलले. ते हो म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर मी वाढून घेतलं. हे मीठ मागत होते, सासूबाई विचारत होत्या की मग खिडकीवर कधीपासून बसायचं. मी घास संपवला आणि सांगितलं.

“खिडकीवर मी बसणार नाही. उद्यापासून लॅब बंद झाल्यावर मी तिथेच थांबणार आहे, काचेजवळ, एकटी. डॉक्टरांनी किल्ली दिलीय. फोन बंद असेल. संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही तिघांनी करायचा.”

सासूबाईंनी विचारलं, किती दिवस.

“येईपर्यंत,” मी म्हणाले.